सर्वश्रेष्ठ विज्ञानपट कोणता? नवेगाव बांधच्या काठावरून पाहिलेला एक वाद

ख्रिस्तोफर नोलन यांचा ‘इंटरस्टेलर’ हा २०१४ चा चित्रपट फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतात पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा महानगरांतील भव्य पडद्यांसमोर तरुण प्रेक्षकांनी नव्या चित्रपटासाठी करावी तशी गर्दी केली. त्यांपैकी अनेकांनी तो आधी घरी, लहान पडद्यावर पाहिलेला होता. या गर्दीबरोबर एक जुना वादही नव्याने जागा झाला. ‘सर्वकालीन सर्वश्रेष्ठ विज्ञानपट कोणता?’ हा तो वाद. कुणी स्टॅन्ली क्युब्रिक यांच्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’चे नाव घेतो, कुणी ‘ब्लेड रनर’चे, कुणी ‘स्टार वॉर्स’चे. आंद्रेई तारकोव्हस्की यांच्या ‘सोलारिस’शिवाय दुसरे नावच न ऐकणारेही असतात. क्रिकेटमधील सर्वश्रेष्ठ फलंदाज कोण, या प्रश्नाप्रमाणेच याही प्रश्नाचे उत्तर निघत नाही आणि तरीही चर्चा थांबत नाही.

ही चर्चा बहुतांशी महानगरांत रंगते. मोठे पडदे, चित्रपट महोत्सव आणि फिल्म सोसायट्या तिथेच आहेत. मात्र ‘सर्वकालीन’ आणि ‘सर्वश्रेष्ठ’ हे शब्द वापरले की दावा साऱ्या जगाच्या वतीने केला जातो. त्यामुळे हा दावा एखाद्या दूरच्या गावाच्या काठावरून तपासून पाहणे गैर ठरू नये. गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगाव बांध हे असेच एक गाव. मराठी वाचकांना ते परके नाही. वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली यांच्या ‘नवेगावबांधचे दिवस’ या पुस्तकाने तिथले तळे, जंगल आणि पक्षी मराठी घरांत पोहोचवले. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी डोंगरांच्या मधला प्रवाह अडवून हा बांध घातल्याचे सांगितले जाते. भोवतालचे जंगल १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग बनले. माणूस, तंत्रज्ञान आणि निसर्ग यांचे नाते हा विज्ञानपटांचा आवडता विषय. ते नाते इथे तीनशे वर्षांपासून रोजच्या व्यवहारात आहे.

याद्या काय सांगतात?

या वादात पुरावा म्हणून नेहमी याद्या पुढे केल्या जातात. त्यांपैकी तीन लक्षात घेण्याजोग्या आहेत.

ब्रिटनमधील ‘द गार्डियन’ या वृत्तपत्राने २००४ मध्ये सुमारे साठ शास्त्रज्ञांना त्यांचे आवडते विज्ञानपट विचारले. त्यांच्या कौलात रिडली स्कॉट यांचा ‘ब्लेड रनर’ पहिला आणि ‘२००१’ दुसरा आला. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने २००८ मध्ये अमेरिकी चित्रपटांची प्रकारवार क्रमवारी जाहीर केली, तेव्हा विज्ञानपटांत ‘२००१’ पहिला, ‘स्टार वॉर्स’ दुसरा आणि स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘ई. टी.’ तिसरा ठरला. शास्त्रज्ञांचा लाडका ‘ब्लेड रनर’ तिथे सहाव्या क्रमांकावर होता. ‘साइट अँड साउंड’ हे ब्रिटिश नियतकालिक दर दहा वर्षांनी सर्व प्रकारच्या चित्रपटांचा कौल घेते. २०२२ च्या कौलात समीक्षकांनी ‘२००१’ला सहावे स्थान दिले, तर जगभरच्या दिग्दर्शकांनी त्याला थेट पहिल्या क्रमांकावर बसवले.

प्रश्न जवळपास एकच असताना उत्तरे वेगळी का आली? कारण विचारणारे आणि उत्तर देणारे वेगळे होते. कृत्रिम माणसाला भावना फुटल्या तर त्याला माणूस म्हणायचे की नाही, हा ‘ब्लेड रनर’चा प्रश्न शास्त्रज्ञांना भावला असावा. दिग्दर्शकांना ‘२००१’मध्ये आपल्या माध्यमाची कमाल मर्यादा दिसत असावी. प्रेक्षकांना मात्र ज्या चित्रपटाने बालपण उजळले तोच सर्वश्रेष्ठ वाटतो.

शिवाय या याद्या स्थिर नसतात. ‘२००१’ १९६८ मध्ये प्रदर्शित झाला तेव्हा अनेक नामवंत समीक्षकांना तो कंटाळवाणा वाटला होता आणि सुरुवातीच्या खेळांतून प्रेक्षक उठून गेले होते. ‘ब्लेड रनर’ १९८२ मध्ये तिकीटबारीवर अपयशी ठरला. त्याच वर्षी ‘ई. टी.’ने गर्दीचे विक्रम केले. फ्रिट्झ लँग यांचा १९२७ चा ‘मेट्रोपोलिस’ तर प्रदर्शनानंतर लगेच कापला गेला. त्याचा हरवलेला बराचसा भाग २००८ मध्ये ब्युनोस आयर्समध्ये सापडला आणि २०१० मध्ये तो जवळजवळ पूर्ण रूपात पुन्हा पाहता आला. म्हणजे ऐंशीहून अधिक वर्षे जग ज्या चित्रपटाची थोरवी गात होते, तो पूर्ण चित्रपट कुणी पाहिलेलाच नव्हता.

कधी वास्तवच एखाद्या चित्रपटाचे स्थान वर नेते. ‘२००१’मधील हॅल हा संगणक माणसांशी सौम्य आवाजात बोलतो, त्यांचे ओठ वाचतो आणि अखेरीस त्यांच्या जिवावर उठतो. १९६८ मध्ये ती केवळ कल्पना होती. २०२२ च्या अखेरीस माणसाशी गप्पा मारणारी संगणकीय साधने सर्वसामान्यांच्या हाती आल्यानंतर तोच प्रसंग वेगळ्या नजरेने पाहिला जाऊ लागला. ‘ब्लेड रनर’ची कथा नोव्हेंबर २०१९ मध्ये घडते. खरे २०१९ आले आणि गेले. उडत्या मोटारी आल्या नाहीत, पण यंत्र कोणते आणि माणूस कोणता हे ओळखण्याची अडचण मात्र आली.

तेव्हा याद्या वाद मिटवू शकत नाहीत. वाद उपयुक्त करायचा असेल तर कसोट्या आधी ठरवाव्या लागतील. त्यांपैकी पहिली कसोटी मराठी वाचकाच्या घरातच सापडते.

पहिली कसोटी : विज्ञान काढून पाहा

मराठी विज्ञान परिषदेने १९७४ मध्ये घेतलेल्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे नाव म्हणजे जयंत विष्णू नारळीकर यांच्या आद्याक्षरांची उलटापालट होती. आपल्या नावाच्या वलयाचा परीक्षकांवर परिणाम होऊ नये म्हणून त्यांनी टोपणनाव घेतले आणि अक्षर ओळखले जाऊ नये म्हणून कथेची प्रत पत्नीकडून लिहवून घेतली. ‘इंटरस्टेलर’मधील महाकाय कृष्णविवराने जगाला थक्क केले, त्याच्या चाळीस वर्षे आधी मराठी वाचकाला कथेतून कृष्णविवर भेटले होते.

नारळीकर यांचे २० मे २०२५ रोजी पुण्यात निधन झाले. विज्ञान हा विज्ञानकथेचा गाभा असला पाहिजे, तो केवळ पोशाख नसावा, असा आग्रह त्यांनी सातत्याने धरला. हाच आग्रह चित्रपटांना लावला तर कसोटी सोपी होते : कथेतून विज्ञान काढून टाका. कथा कोसळली, तर तो विज्ञानपट. कथा तशीच उभी राहिली, तर विज्ञान हे नेपथ्य होते.

या कसोटीवर ‘स्टार वॉर्स’ची अवस्था बिकट होते. राजकन्या संकटात आहे, एक तरुण शेतकरी घर सोडतो, वृद्ध गुरू त्याला विद्या देतो, काळ्या वेषातला खलनायक समोर उभा राहतो. अवकाशयानांच्या जागी घोडे आणि प्रकाशाच्या तलवारींच्या जागी पोलादी तलवारी आल्या तरी कथेचे फारसे बिघडत नाही. जॉर्ज लुकास यांनी अकिरा कुरोसावा यांच्या ‘द हिडन फोर्ट्रेस’ या १९५८ च्या जपानी चित्रपटावरून प्रेरणा घेतल्याचे सांगितले आहे आणि त्या चित्रपटात एकही यान नाही. याचा अर्थ ‘स्टार वॉर्स’ वाईट आहे असा नव्हे. तो उत्तम अद्भुतकथापट आहे. त्याच्या चाहत्यांचा आणि ‘२००१’च्या चाहत्यांचा वाद मिटत नाही, कारण दोघे वेगवेगळ्या खेळांची धावसंख्या ताडून पाहत असतात.

‘२००१’मधून विज्ञान वजा केले तर काहीच उरत नाही. माणूस चंद्रावर उतरण्याच्या सव्वा वर्ष आधी आलेल्या या चित्रपटाने अवकाशात आवाज पोहोचत नाही हे भान राखले. स्वतःभोवती फिरणाऱ्या चक्राकार स्थानकातून कृत्रिम गुरुत्व कसे मिळेल हेही दाखवले. ‘इंटरस्टेलर’साठी भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांनी मार्गदर्शन केले. कृष्णविवराजवळ प्रकाश कसा वाकेल याची समीकरणे मांडून ते दृश्य तयार झाले आणि त्या कामावर शोधनिबंधही प्रसिद्ध झाला. गुरुत्वलहरींच्या शोधासाठी थॉर्न यांना २०१७ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. एका ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षे, हे गणित काढून टाकले तर वडील आणि मुलीच्या ताटातुटीची त्या चित्रपटातील वेदनाही निघून जाते. तिथे विज्ञान आणि भावना एकाच दोऱ्याने विणलेल्या आहेत.

अर्थात, गाभ्यात विज्ञान असणे म्हणजे प्रत्येक तपशील अचूक असणे नव्हे. ‘ज्युरासिक पार्क’मध्ये राळेत अडकलेल्या डासाच्या पोटातील रक्तातून डायनोसॉरचा डीएनए मिळतो. डायनोसॉर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी नष्ट झाले आणि डीएनए इतका काळ टिकत नाही, हे आता स्पष्ट झाले आहे. तरीही ‘करता येते म्हणून करावे काय?’ हा त्या चित्रपटाचा प्रश्न खरा आहे. २०२५ मध्ये अमेरिकेतील एका जैवतंत्रज्ञान कंपनीने हजारो वर्षांपूर्वी नामशेष झालेला ‘डायर वुल्फ’ परत आणल्याचा दावा केला. ती जनुके बदललेली करड्या लांडग्याचीच पिल्ले आहेत, असा आक्षेप अनेक शास्त्रज्ञांनी घेतला. चित्रपट १९९३ चा असला तरी त्याचा प्रश्न शिळा झालेला नाही.

दुसरी कसोटी : पडदा लहान करून पाहा

दुसरी कसोटी दृश्यांच्या भव्यतेशी निगडित आहे. ‘२००१’ हा ७० मिलिमीटरच्या फिल्मवर, अतिभव्य वक्र पडद्यांसाठी काढलेला चित्रपट. तो तळहाताएवढ्या फोनवर पाहिला तर त्यातले काय उरते? ‘तो मोठ्या पडद्यावर पाहिलाच नाही, मग बोलता कशाला?’ हा या वादातला ठरलेला टोला आहे. त्यात तथ्य आहे आणि अन्यायही आहे.

अन्याय असा की, भारतातील बहुसंख्य प्रेक्षकांपर्यंत विज्ञानपट कधीच मोठ्या पडद्यावरून आले नाहीत. एका पिढीने विज्ञानकथा पाहिली ती दूरदर्शनवर. ऐंशीच्या दशकात ‘स्टार ट्रेक’, ‘स्पेस सिटी सिग्मा’ आणि ‘इंद्रधनुष’, तर नव्वदच्या दशकात ‘कॅप्टन व्योम’. चित्रपटगृहांत खरा बदल घडवला तो ‘ज्युरासिक पार्क’ने. १९९४ मध्ये तो हिंदीत डब होऊन आला आणि इंग्रजी न समजणाऱ्या प्रेक्षकांनीही त्याला उचलून धरले. पुढे हॉलिवुडपटांच्या हिंदी रूपांचा रस्ता त्यामुळे मोकळा झाला. त्यानंतर केबल आणि आता मोबाइल. जिल्ह्याच्या ठिकाणापासून दूर असलेल्या गावांत ‘टर्मिनेटर’ आणि ‘अवतार’ परिचयाचे झाले ते याच वाटेने. ‘सोलारिस’ किंवा ‘स्टॉकर’ या वाटेने आले नाहीत, कारण ते कुणी डब केले नाहीत. ज्या चित्रपटाला भाषेचा पूल मिळाला नाही त्याला मतेही मिळणार नाहीत. सर्वश्रेष्ठांच्या यादीत वितरणाचा हा वाटा सहसा मोजला जात नाही.

तथ्य असे की, काही चित्रपट केवळ पडद्याच्या आकारावर तगतात. पडदा लहान केला की ते लहान होतात. उलट काही चित्रपट कोणत्याही पडद्यावर तितकेच उंच राहतात. फ्रान्सच्या ख्रिस मार्कर यांचा १९६२ चा ‘ला जेते’ अवघ्या २८ मिनिटांचा आहे आणि जवळजवळ संपूर्णपणे स्थिर छायाचित्रांनी बनलेला आहे. तरीही कालप्रवासावरील श्रेष्ठ चित्रपटांत त्याची गणना होते. हॉलिवुडचा ‘ट्वेल्व्ह मंकीज’ त्याच्यावरच बेतलेला आहे. शेन कॅरुथ यांचा ‘प्रायमर’ (२००४) सुमारे ७ हजार डॉलरमध्ये पूर्ण झाला आणि सनडान्स महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळवून गेला. गॅरेजमध्ये यंत्र बनवणारे दोन अभियंते आणि त्यांची अवघड संभाषणे, एवढेच भांडवल त्यामागे होते.

ही उदाहरणे महत्त्वाची आहेत, कारण आपल्याकडे विज्ञानपट का होत नाहीत, असे विचारले की पहिले उत्तर ‘पैसा’ हेच मिळते. ते पूर्ण खरे नाही.

तिसरी कसोटी : गावात आणून पाहा

तिसरी कसोटी कोणत्याही जागतिक कौलात विचारली जात नाही : हा चित्रपट प्रेक्षकाच्या गावात काही बोलतो काय?

जेम्स कॅमेरॉन यांचा ‘अवतार’ (२००९) समीक्षकांच्या याद्यांत सहसा वरच्या स्थानी नसतो. कथा सरधोपट आहे, हा त्यावरचा नेहमीचा आक्षेप. परग्रहावरील खनिजासाठी आलेली कंपनी तिथल्या वनवासींचे पवित्र झाड पाडते, ही त्याची कथा. पण २०१० मध्ये ‘सर्व्हायव्हल इंटरनॅशनल’ या संस्थेने ‘व्हरायटी’ या हॉलिवुडच्या नियतकालिकात जाहिरात देऊन कॅमेरॉन यांना आवाहन केले की, ओडिशातील नियमगिरीच्या डोंगरिया कोंध आदिवासींच्या आयुष्यात हीच कथा प्रत्यक्ष घडते आहे. नियमगिरी हा त्या समाजाचा देव आणि त्याच डोंगरात बॉक्साइट. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानुसार २०१३ मध्ये बारा ग्रामसभा झाल्या आणि बाराही ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. तो विजय चित्रपटाचा नव्हे, लोकांच्या लढ्याचा. मात्र सरधोपट ठरवलेली एक कथा दूरच्या डोंगरातील माणसांच्या बाजूने साक्षीला उभी करता आली, हेही खरे. जंगल, आदिवासी वस्ती आणि विकास यांचे प्रश्न पूर्व विदर्भात नवे नाहीत. तिथे ‘अवतार’चे मोल पुण्या-मुंबईपेक्षा वेगळे ठरू शकते.

फ्रँक हर्बर्ट यांच्या १९६५ च्या कादंबरीवरील ‘ड्यून’ हे दुसरे उदाहरण. डेनी व्हिलनव्ह यांनी २०२१ आणि २०२४ मध्ये तिचे दोन भाग पडद्यावर आणले. त्या वाळवंटी ग्रहावर घामाचा थेंबही वाया जाऊ दिला जात नाही; मृत माणसाच्या देहातील पाणीदेखील टोळीच्या साठ्यात जमा होते. शहरी प्रेक्षकाला ही रोमांचक कल्पना वाटते. नवेगाव बांधच्या परिसरात मात्र पाणी कुणी साठवायचे, कुणाच्या बांधीला आधी द्यायचे आणि पाटाची निगा कुणी राखायची, हे प्रश्न शतकानुशतके सोडवले गेले आहेत. कोहळी समाजाने भंडारा, गोंदिया आणि चंद्रपूर भागात बांधलेले तलाव आणि बोड्या यांच्यावर इथली धानाची शेती उभी राहिली. ‘मामा तलाव’ म्हणून ओळखले जाणारे माजी मालगुजारी तलाव आजही या प्रदेशाची ओळख आहेत. डोंगरउतार वाचून पाणी अडवणे हे तंत्रज्ञान होते आणि त्याच्या वाटपाचे नियम ही त्या तंत्रज्ञानाची समाजव्यवस्था. तंत्रज्ञान समाजाला कसे घडवते हे सांगणे हेच विज्ञानकथेचे काम असेल, तर तिचे उत्तम कथाबीज या बांधाच्या मातीत आहे.

‘ज्युरासिक पार्क’कडेही इथून पाहता येते. महाराष्ट्रात सारस क्रौंच प्रामुख्याने गोंदिया जिल्ह्यात उरले आहेत. जोडीने राहणारा, धानाच्या बांधीत घरटे करणारा, माणसाच्या खांद्याएवढा उंच असा हा पक्षी. पाणथळ जागांचा ऱ्हास, कीटकनाशके आणि विजेच्या तारा हे त्याचे शत्रू. नामशेष प्राणी प्रयोगशाळेतून परत आणण्याची स्वप्ने एकीकडे पाहिली जात असताना, अजून जिवंत असलेला पक्षी शेतात टिकवता येईल काय, हा प्रश्न या जिल्ह्यासमोर आहे. चित्रपटातील डायनोसॉरपेक्षा तो कमी चित्तथरारक नाही.

मराठी पडदा रिकामा का?

या तीन कसोट्यांनंतर एक प्रश्न अटळ ठरतो. कसोटी मराठीत आहे, कथाबीजे महाराष्ट्रात आहेत, मग यादीत मराठी नाव का नाही?

साहित्याची उणीव हे त्याचे कारण नक्कीच नाही. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नला मराठी मुलांच्या घरचा केला. नारळीकरांच्या ‘प्रेषित’ आणि ‘वामन परत न आला’ या कादंबऱ्या, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे आणि सुबोध जावडेकर यांच्या कथा, अरुण साधू यांची ‘विप्लवा’. ही परंपरा समृद्ध आहे. २०२१ मध्ये नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे आले, तेव्हा विज्ञानकथेला साहित्याच्या मुख्य दालनात मान मिळाला. चित्रपटसृष्टीने मात्र या दालनाकडे क्वचितच पाहिले. सुजय डहाके यांचा ‘फुंतरू’ (२०१६) हा अभियांत्रिकी महाविद्यालयात घडणारा विज्ञानपट अशा मोजक्या प्रयत्नांपैकी एक. तुलनेने हिंदीत ‘मिस्टर इंडिया’ (१९८७) आणि ‘कोई मिल गया’ (२००३), तमिळमध्ये ‘एन्थिरन’ (२०१०), तेलुगूत ‘कल्की २८९८ एडी’ (२०२४) अशी मोठी नावे दिसतात.

यामागचे एक कारण थेट आरंभकाळात सापडते. फ्रान्सच्या जॉर्ज मेलिएस यांनी १९०२ मध्ये ‘अ ट्रिप टू द मून’मध्ये कॅमेऱ्याच्या करामती वापरून माणसांना चंद्रावर नेले. दादासाहेब फाळके याही करामतींत वाकबगार होते. त्यांनी त्या ‘लंकादहन’ (१९१७) आणि ‘कालिया मर्दन’ (१९१९) यांसाठी वापरल्या. तिथे यान चंद्राच्या डोळ्यात घुसले, इथे मारुती आकाशात उडाला. प्रेक्षकांची अद्भुताची भूक पुराणकथांनी भागवली आणि ती सोय इतकी उत्तम होती की भविष्याकडे वळण्याची निकड भासली नाही. पुढे मराठी चित्रपटाने सामाजिक कथेत मोठे यश मिळवले आणि निर्मात्यांची गुंतवणूकही त्याच वाटेने गेली.

पुराण आणि विज्ञान यांचे वैर असलेच पाहिजे असे मात्र नाही. मूळच्या नागपूरच्या आरती कडव यांच्या ‘कार्गो’ या हिंदी चित्रपटाने ते दाखवून दिले. २०१९ मध्ये मुंबईच्या मामी महोत्सवात दाखवला गेलेला हा चित्रपट ‘पुष्पक’ नावाच्या अवकाशयानात घडतो. तिथे काम करणारा प्रहस्त हा राक्षसकुळातला कर्मचारी मृत माणसांना पुनर्जन्मासाठी तयार करतो. जुनाट बटणे, खडखडणारी यंत्रे आणि सरकारी कचेरीतला असावा तसा कंटाळा यांतून उभे राहिलेले हे यान खर्चिक नाही, पण ते अस्सल आपले आहे. विदर्भातून आलेल्या दिग्दर्शिकेला अवकाशात जाण्यासाठी हॉलिवुडचे तिकीट काढावे लागले नाही.

प्रेक्षक तयार नाहीत, ही सबबही पूर्व विदर्भात टिकत नाही. दिवाळीनंतर मंडईच्या हंगामात झाडीपट्टी रंगभूमीची नाटके गावोगावी रात्रभर चालतात आणि पहाटेपर्यंत हजारो माणसे जागेवरून हलत नाहीत. या रंगभूमीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. कथेसाठी थंडीत रात्र जागवणाऱ्या प्रेक्षकाला कल्पनाशक्तीची कमतरता आहे, असे कोण म्हणेल?

तळ्यात उतरलेले यान

सर्वश्रेष्ठ विज्ञानपटांच्या वादात एक नाव नेहमी राहून जाते, कारण तो चित्रपट झालाच नाही. सत्यजित राय यांनी १९६७ मध्ये ‘द एलियन’ नावाची पटकथा लिहिली. बंगालमधील एका खेड्यातील कमळांच्या तळ्यात अवकाशयान उतरते. गावकऱ्यांना वाटते, पाण्याखालचे मंदिर वर आले. ते पूजा करू लागतात. यानातला छोटा, निरुपद्रवी पाहुणा एका गरीब मुलाशी मैत्री करतो. कोलंबिया पिक्चर्सने त्यात रस घेतला, पीटर सेलर्स यांचे नाव भूमिकेसाठी चर्चेत होते. पण व्यवहाराच्या गुंत्यात प्रकल्प बारगळला. १९८२ मध्ये ‘ई. टी.’ आला तेव्हा, आपल्या पटकथेच्या प्रती अमेरिकेत फिरल्या नसत्या तर हा चित्रपट शक्य झाला नसता, अशी खंत राय यांनी व्यक्त केली. स्पीलबर्ग यांनी तो संबंध नाकारला.

हा वाद कुणाच्या बाजूने सोडवायचा हा वेगळा विषय. लक्षात ठेवण्याजोगे एवढेच की, भारतातील सर्वांत मोठ्या दिग्दर्शकाला परग्रहावरचा पाहुणा उतरवायचा होता, तेव्हा त्यांनी त्यासाठी महानगर निवडले नाही. त्यांनी खेड्यातले तळे निवडले. न्यूयॉर्कवर उतरणाऱ्या यानांनी जग कंटाळण्याच्या कितीतरी आधी त्यांना कळले होते की, नवी कथा हवी असेल तर यान नव्या जागी उतरले पाहिजे.

म्हणून चाहत्यांच्या वादाचे उत्तर द्यायचेच झाले तर ते कसोट्यांसह द्यावे लागेल. विज्ञान गाभ्यात हवे असेल तर ‘२००१’ आणि ‘सोलारिस’ अजूनही अव्वल. माणूस कशाला म्हणायचे हा प्रश्न महत्त्वाचा असेल तर ‘ब्लेड रनर’. कमी साधनांतली झेप मोजायची असेल तर ‘ला जेते’. आणि आपल्या गावाशी बोलणारा विज्ञानपट कोणता, असे नवेगाव बांधच्या काठावरून विचारले, तर यादीतली ती जागा अद्याप रिकामी आहे. तळे आहे, बांध घालणाऱ्यांचा वारसा आहे, पन्नास वर्षांहून जुनी मराठी विज्ञानकथा हाताशी आहे. पहिल्या क्रमांकासाठी भांडणाऱ्या चाहत्यांपैकीच कुणीतरी ही रिकामी जागा भरायला निघाला, तर या न संपणाऱ्या वादाचे सार्थक होईल.